उघडे रंगीत पॅनेल निवडताना इंच सर्वांत शेवटी

रंगीत डिस्प्ले हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला दोन रूपांत मिळतो. एक म्हणजे तयार मोड्यूल: बोर्डावर बसवलेला, पिना काढलेला, व्होल्टेजची सोय केलेला, लायब्ररीत नाव नोंदलेला. दुसरे म्हणजे नुसते पॅनेल: काच, तिच्यामागे बॅकलाइट, काचेच्या कडेवरच चिकटवलेली लांबट चिप आणि खाली लोंबणारी पिवळट तपकिरी रिबन. आरडुइनोवर दोन-चार प्रकल्प झाले आणि केआयकॅडमध्ये स्वतःचा बोर्ड आखता येऊ लागला की हात आपोआप दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. त्याला कारणेही रास्त असतात. मोड्यूलचा बोर्ड जाड, कडा रुंद, पिनांचा क्रम आपल्या आखणीला आडवा येणारा. आणि चार इंचांच्या पुढे मोड्यूलमध्ये निवडीला फारसा वाव राहत नाही. नुसत्या पॅनेलांचा बाजार मात्र अफाट आहे. कारमधले कॅमेरे, व्हिडिओ डोअरफोन, जीपीएस, थ्रीडी प्रिंटर यांच्यासाठी ढिगाने बनणारी पॅनेले सुटीही विकली जातात.

घोडे अडते ते निवडीपाशी. विक्रेत्याच्या पानावर ठळक छापलेले असतात इंच, पिक्सेल आणि किंमत. एवढ्यावरून घेतलेले पॅनेल बहुधा खणात पडून राहते. चित्र कुठे साठणार, ते काचेपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, काचेला किती प्रकारची व्होल्टेज लागणार आणि हे सगळे सांगणारा कागद हाती आहे का, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. इंचांची पाळी त्यानंतर.

एलसीडीचा पिक्सेल दिलेला रंग फार वेळ धरून ठेवत नाही. सेकंदाला साधारण साठ वेळा त्याला पुन्हा सांगावे लागते. हे पुन्हा पुन्हा सांगण्याचे काम कुणी करायचे, यावरून पॅनेलांच्या दोन जाती पडतात. पहिल्या जातीत काचेवरच्या चिपमध्येच चित्राची मेमरी असते. आपण चित्र एकदा पाठवायचे, पुढची उजळणी चिप करते. हौशी जगात सर्वांत रुळलेला आयएलआय ९३४१ हा कंट्रोलर याच जातीचा. २४० × ३२० पिक्सेल, प्रत्येकी १८ बिट, म्हणजे १,७२,८०० बाइट मेमरी त्याच्या पोटात असते. म्हणूनच ज्या एटीमेगा ३२८ मध्ये अवघी २ किलोबाइट रॅम आहे तोही हे पॅनेल चालवू शकतो. पूर्ण चित्र त्याला स्वतःकडे ठेवावेच लागत नाही, बदललेला तुकडा पाठवला की झाले. एसटी ७७८९, एसटी ७७३५, गोल पडद्यांतला जीसी ९ए०१, सगळे याच घराण्यातले.

दुसऱ्या जातीच्या पॅनेलात मेमरी नसतेच. प्रत्येक पिक्सेल, प्रत्येक फेरीला, नेमक्या घडीला आपणच पुरवायचा. पुरवठा थांबला की चित्र गेले. मोठी आणि स्वस्त पॅनेले बहुतेक या जातीची. इथे हिशेब कागदावर आधी मांडावा. ४८० × २७२ पिक्सेलना प्रत्येकी २ बाइट धरले तर २,६१,१२० बाइट होतात. रास्पबेरी पाय पिकोवरच्या आरपी २०४० मध्ये एकूण रॅम २६४ किलोबाइट, म्हणजे चित्र ठेवल्यावर बाकी सगळ्या प्रोग्रॅमसाठी नऊ किलोबाइट उरतात. जमते, पण श्वास घ्यायला जागा नाही. रंग ८ बिटांवर आणले की निम्मी रॅम मोकळी होते आणि तेच काम निवांत चालते. ८०० × ४८० ला ७,६८,००० बाइट लागतात. तेव्हा बाहेरची रॅम आलीच, आणि तिच्याबरोबर तिचा वेगही आला: सेकंदाला साठ फेऱ्या म्हणजे नुसते वाचनच ४६ मेगाबाइटचे. एसटीएम ३२ एफ ४२९ मध्ये यासाठी एलटीडीसी नावाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याच्या डिस्कव्हरी बोर्डावर ८ मेगाबाइट एसडीरॅम दिलेली आहे. ईएसपी ३२ एस ३ मध्येही आरजीबी पॅनेल चालवण्याची सोय आहे, मात्र तिथे पीएसरॅम आणि फ्लॅश एकाच बसवर असतात. प्रोग्रॅमने फ्लॅशमध्ये काही लिहायला घेतले किंवा पीएसरॅमवर ताण आला की पिक्सेल वेळेवर पोचत नाहीत आणि अख्खे चित्र एका बाजूला सरकून बसते. याला एस्प्रेसिफनेच तोडगा दिला आहे, तो म्हणजे बाउन्स बफर: आतल्या रॅममध्ये चित्राचे छोटे तुकडे आधी आणून ठेवायचे आणि पॅनेलला तिथून वाढायचे. पडदा सरकतो म्हणून पॅनेलला दोष देऊन ते परत पाठवणाऱ्यांनी आधी हे करून पाहावे.

या दोहोंच्या मधली एक वाटही आहे, आणि तिच्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते. मेमरी नसलेले पॅनेल आणि साधा मायक्रोकंट्रोलर यांच्यामध्ये एक मध्यस्थ चिप बसवायची. आरएआयओ या तैवानी कंपनीच्या आरए ८८७५ मध्ये ७६८ किलोबाइट मेमरी आहे, ती ८०० × ४८० पर्यंत पुरते. सोलोमन सिस्टेकच्या एसएसडी १९६३ मध्ये १,२१५ किलोबाइट. एफटीडीआयने २०१३ मध्ये आणलेल्या एफटी ८०० ची तऱ्हा याहून वेगळी: ती पूर्ण चित्र साठवतच नाही. ‘इथे वर्तुळ, तिथे अक्षर, त्याखाली बटण’ अशी यादी आपण एसपीआयवरून द्यायची. चिप त्या यादीवरून एकेक ओळ ऐनवेळी रंगवून पॅनेलला देते. मीटर, बटणे, आलेख अशा पडद्यांसाठी ही फार सुटसुटीत व्यवस्था आहे. फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा असेल तर तिची मजा कमी होते.

आता वाट. छोट्या पॅनेलांत एसपीआय सर्वांत सोयीची, चार-पाच तारांत काम होते. पण तिची धाव किती ते पाहा. ३२० × २४० चे १६ बिटी चित्र म्हणजे १२,२८,८०० बिट. ४० मेगाहर्ट्झला सेकंदाला जेमतेम बत्तीस चित्रे जातात, तीही मध्ये क्षणभर न थांबता. शिवाय आयएलआय ९३४१ च्या डेटाशीटमध्ये एसपीआयवर लिहिण्याची मर्यादा १० मेगाहर्ट्झच आहे. आपण सगळे ती चौपट ओलांडतो आणि पॅनेल बिचारे निमूट चालते. एका प्रकल्पापुरते ठीक. पन्नास नग विकायचे असतील तर हा जुगार आहे. आयएलआय ९४८८ मध्ये याहून मोठा खड्डा आहे. ३.५ इंची, ३२० × ४८० चे हे पॅनेल स्वस्त आणि देखणे, पण एसपीआयवर ते १६ बिटी रंग घेत नाही. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइटच पाठवावे लागतात. ४० मेगाहर्ट्झला सेकंदाला दहा-अकरा चित्रे पडतात, आणि मेनू सरकवला की तो ओळीओळीने उतरताना दिसतो. त्याच मापात एसटी ७७९६ मिळत असेल तर तो घ्यावा. तो एसपीआयवर दोन बाइटांत भागवतो.

याच चिपा ८०८० पद्धतीच्या समांतर बसवर चालवल्या की त्यांचा स्वभाव बदलतो. आयएलआय ९३४१ ला त्या बसवर एका लिखाणाला ६६ नॅनोसेकंद पुरतात. १६ बिटी बसवर पूर्ण पडदा पाच मिलिसेकंदांच्या आसपास भरतो. उघडे पॅनेल घेण्याचा एक खरा फायदा इथेच आहे, कारण तयार मोड्यूल बनवणाऱ्याने एसपीआय निवडून बाकी पिना बंद केलेल्या असतात. कोणती बस हे ठरवणाऱ्या आयएम नावाच्या पिना रिबनवर बाहेर काढल्या आहेत की आतल्या आत बांधून टाकल्या आहेत, हे मात्र रेखाचित्रात बघायचे. बांधलेल्या असतील तर चिप काहीही करू शकत असली तरी आपल्या वाट्याला ते येत नाही.

टीई ही आणखी एक पिन, जिच्याकडे कुणी बघत नाही. पॅनेल वरून खाली रंगवून झाले की ती इशारा देते. त्या इशाऱ्यावर नवे चित्र पाठवले तर हलणाऱ्या चित्रात मधूनच फाटल्यासारखी रेघ दिसत नाही. यातही एक मेख आहे. ही पॅनेले मुळात उभी असतात आणि रंगवण्याची दिशा त्या उभ्या ठेवणीला धरून असते. आपण कमांड देऊन चित्र आडवे केले तरी काचेवरची ती दिशा बदलत नाही. लिहिणे एका दिशेने आणि रंगवणे दुसऱ्या, त्यामुळे आडव्या पडद्यावर फाट तिरकी पडते आणि टीईने ती पूर्ण जात नाही. व्हिडिओ किंवा खेळ आडवा दाखवायचा असेल तर मुळातच आडवे बनवलेले पॅनेल शोधावे.

मेमरी नसलेल्या पॅनेलांत हौशी माणसाला सर्वांत उपकारक ठरलेले पॅनेल म्हणजे ४.३ इंची, ४८० × २७२, चाळीस पिनांचे. सोनीच्या २००४ च्या पीएसपीचा पडदाही याच मापाचा होता. पुढे जीपीएस यंत्रांनी हे माप इतके पसरवले की वेगवेगळ्या कारखान्यांनी पिनांचा क्रमही जवळपास एकच ठेवला. पहिल्या दोन पिना बॅकलाइटच्या, मग जमीन आणि ३.३ व्होल्ट, मग लाल, हिरवा, निळा यांच्या आठ-आठ तारा, ३० वर पिक्सेलचे घड्याळ, ३१ वर चालू-बंद, पुढे एचसिंक, व्हीसिंक आणि डीई, शेवटच्या चार पिना रेझिस्टिव्ह टचच्या. ८०० × ४८० ची पाच इंची कित्येक पॅनेलेही हाच क्रम पाळतात. म्हणजे एक बोर्ड आखला की दोन मापांची, अनेक कारखान्यांची पॅनेले त्यावर चालू शकतात. बॅकलाइटचे व्होल्टेज मात्र दर पॅनेलला तपासायचे. घड्याळही सौम्य: ४.३ इंचीला ९ मेगाहर्ट्झच्या आसपास, ८०० × ४८० ला ३३.

इथे एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. आपला कंट्रोलर १६ बिटी, म्हणजे लाल ५, हिरवा ६, निळा ५ तारा. पॅनेलला मात्र प्रत्येकी ८ हव्यात. आपल्या तारा पॅनेलच्या वरच्या बिटांना जोडायच्या हे बहुतेकांना ठाऊक असते. उरलेल्या खालच्या बिटांचे काय? सरसकट जमिनीला जोडल्या तर पूर्ण पांढरा मागितल्यावर लाल २४८, हिरवा २५२, निळा २४८ इतकेच पोचतात. पांढरा किंचित मंद येतो, आणि पाहणाऱ्याची नजर तयार असेल तर त्याला हिरवट छटाही जाणवते. उपाय फुकटचा आहे: वरचे बिटच खाली पुन्हा जोडायचे, लाल ७ वरून लाल २ ला, लाल ६ वरून लाल १ ला, याप्रमाणे. मग पांढरा पूर्ण २५५ ला जातो आणि काळा शून्यावरच राहतो.

सात इंचांवर गेलात की व्होल्टेजचा प्रश्न दारात उभा राहतो. इनोलक्सचे एटी ०७० टीएन ९२ हे सात इंची पॅनेल बाजारात वर्षानुवर्षे दिसते. त्याच्या पन्नास पिनांत ३.३ व्होल्टखेरीज सुमारे १०.४ व्होल्ट, १६ व्होल्ट, उणे ७ व्होल्ट आणि व्हीकॉम नावाचे एक जुळवून द्यायचे व्होल्टेज, इतके सगळे बाहेरून हवे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीएस ६५१५० सारखी एकच चिप हे सगळे बनवते, पण तिच्याभोवती कॉइल, डायोड आणि कपॅसिटरांचा संसार मांडावा लागतो. ही व्होल्टेज कोणत्या क्रमाने द्यायची आणि काढायची तेही डेटाशीटमध्ये लिहिलेले असते आणि ते पाळायचे असते. लिक्विड क्रिस्टलला एकाच दिशेचे व्होल्टेज फार वेळ मिळाले की ते बिघडते, म्हणून पॅनेल दर फेरीला दिशा उलटत असते. घड्याळ बंद पण वरची व्होल्टेज चालू, अशा अवस्थेत पॅनेल सोडून जेवायला गेले तर परतल्यावर काचेवर जुन्या चित्राची छाया बसलेली सापडू शकते. त्याच मापाची, फक्त ३.३ व्होल्टवर चालणारी आणि बाकी व्होल्टेज आतल्या आत बनवणारी पॅनेलेही मिळतात. फरक विक्रेत्याच्या फोटोत दिसत नाही, पिनांच्या तक्त्यात दिसतो.

बॅकलाइटचेही तसेच. २.४ ते २.८ इंची पॅनेलांत बहुधा चार एलईडी समांतर असतात, ३.२ व्होल्टच्या आसपास. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर दिला की भागते. मोठ्या पॅनेलांत एलईडींची साखळी असते आणि ती दहा ते वीस-पंचवीस व्होल्ट मागते. तिला नेमका करंट देणारी बूस्ट चिप लागते, व्होल्टेजचा अंदाज बांधून चालत नाही. बॅटरीवरचा प्रकल्प असेल तर सगळ्या बोर्डात जास्त वीज बॅकलाइटच खाईल, हे धरूनच बॅटरी निवडा.

लॅपटॉप आणि मॉनिटरच्या पॅनेलांचा मोह फार जणांना पडतो, कारण ती भंगारात मिळतात. जुन्या पॅनेलांत एलव्हीडीएस असते: १८ बिटांना डेटाच्या तीन जोड्या, २४ बिटांना चार, शिवाय घड्याळाची एक. २४ बिटांत बिटांची मांडणी दोन प्रकारची, वेसा आणि जेईआयडीए. चुकीची निवडली तर चित्र येते, पण चेहऱ्यांवर रंगांचे पट्टे पडतात. पॅनेल खराब झालेले नसते. नव्या लॅपटॉपांत ईडीपी असते आणि ते मायक्रोकंट्रोलरच्या आवाक्याबाहेरचे. एलजीचे एलपी ०९७ क्यूएक्स १ हे आयपॅडमधले २०४८ × १५३६ चे पॅनेल ईडीपीच बोलते. म्हणून त्याच्यासाठी अडॅप्टर बोर्ड सहज बनले आणि ते हौशी लोकांत इतके चालले. या वर्गातल्या पॅनेलांना माझ्या मते स्वतःचा बोर्ड आखण्याचा हट्ट करू नये. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारा युनिव्हर्सल बोर्ड, त्या पॅनेलच्या मापाचे फर्मवेअर, आणि एचडीएमआयची वायर. काम संपले.

एमआयपीआय डीएसआय ही फोनची भाषा. तारा कमी, वेग प्रचंड, पडदे अप्रतिम आणि सुटे भाग म्हणून स्वस्त. अडचणी तीन. एक, ती बोलणारा प्रोसेसर हवा: रास्पबेरी पाय, एसटीएम ३२ एफ ४६९, ईएसपी ३२ पी ४ असे मोजके. दोन, इनपुट-आउटपुट १.८ व्होल्टवर आणि काचेला पुष्कळदा अधिक-उणे पाच व्होल्टची जोडी वेगळी. तीन, आणि खरी आडकाठी हीच: पॅनेल सुरू करताना शेकडो बाइटांचा इनिट कोड द्यावा लागतो आणि फोन कंपनी तो कुणाला देत नाही. माइक हॅरिसन या ब्रिटिश अभियंत्याने सहाव्या पिढीच्या आयपॉड नॅनोचा २४० × २४० चा पडदा स्वतःच्या एफपीजीएवर चालवून दाखवला, पण त्यासाठी आधी चालू आयपॉडच्या तारांवर ऑसिलोस्कोप लावून सगळे संभाषण टिपून घ्यावे लागले. तसा वेळ आणि तशी उपकरणे ज्याच्यापाशी आहेत त्याने जरूर करावे. बाकीच्यांनी लिनक्स कर्नलच्या पॅनेल ड्रायव्हरांत आपल्या पॅनेलचे नाव शोधावे. सापडले तर इनिट कोड तिथे उघडा पडलेला आहे. आयएलआय ९८८१ सी या कंट्रोलरचा ड्रायव्हर तिथे आहे आणि पुष्कळ ७२० × १२८० पॅनेले त्याच्यावर चालतात. जाता जाता: रास्पबेरी पायने २०१५ मध्ये आणलेल्या अधिकृत सात इंची पडद्यातली काच साधी आरजीबीच आहे. डीएसआयवरून आलेले चित्र मधली तोशिबाची चिप आरजीबीत उतरवते. खुद्द त्यांनाही हाच मध्यस्थ सोयीचा वाटला.

पायवर उघडे आरजीबी पॅनेल थेटही जोडता येते, पण २४ बिटांसाठी ते जीपीआयओच्या सगळ्या अठ्ठावीस पिना खाते. १८ बिटांवर समाधान मानले तर सहा उरतात.

कागदपत्रांचा मुद्दा नवा नाही. नोकिया ६१०० हा २००२ चा फोन. त्याचा १३२ × १३२ चा रंगीत पडदा सुटा मिळू लागला आणि हौशी लोकांनी तो उचलून धरला. दिसायला सगळे पडदे सारखे. पण काहींत एप्सनचा कंट्रोलर, काहींत फिलिप्सचा, आणि दोघांच्या कमांड वेगळ्या. आपल्याकडे कोणता आला हे कोड चालवून बघितल्याशिवाय कळत नसे. आजही २.८ इंची म्हणून मागवलेल्या दोन खेपांत दोन वेगळे कंट्रोलर निघू शकतात. दिलासा एवढाच, की आता पायाभूत कमांड बऱ्याच सारख्या झाल्या आहेत: झोपेतून उठवायला हेक्स ११, पडदा उघडायला २९, दिशा बदलायला ३६, रंगांची मांडणी ठरवायला ३ए. वेगळे असते ते गॅमा आणि आतल्या व्होल्टेजचे कोष्टक. म्हणून चुकीच्या कोडवरही चित्र उमटते, पण धुरकट, किंवा निगेटिव्हसारखे उलटे.

ओळख पटवायची सोपी रीत आहे. पॅनेल आधी हार्डवेअर रीसेट करा, मग डी३ ही कमांड वाचा. आयएलआय ९३४१ असेल तर उत्तरात ९३ आणि ४१ येतात, आयएलआय ९४८८ असेल तर ९४ आणि ८८. एसटी ७७८९ साठी ०४ वाचावी, ८५ ८५ ५२ मिळते. वाचताना घड्याळ सावकाश ठेवायचे, कारण वाचनाची मर्यादा लिहिण्यापेक्षा कमी असते. पॅनेलने बाहेर बोलण्याची एसडीओ पिन रिबनवर दिलेली नसेल, किंवा एकाच तारेवर दोन्हीकडचे बोलणे असेल, तर उत्तराच्या जागी शून्ये येतात. त्यावरून पॅनेल मेले असा निष्कर्ष काढू नये.

चित्र कसे दिसते याबद्दल थोडक्यात. टीएन आणि आयपीएस यांच्या किमतीत आता एवढा फरक राहिलेला नाही की टीएन घेऊन कोन सांभाळत बसावे. टीएन पॅनेल एका बाजूने पाहिले की रंग उलटतात. उभे पॅनेल आडवे वापरले तर ती वाईट बाजू नेमकी डावीकडे किंवा उजवीकडे येते आणि शेजारी बसलेल्याला भलतेच चित्र दिसते. घरात २५० ते ३०० निट पुरतात. स्कूटरवर, शेतात किंवा गच्चीवर चालवायचे असेल तर ८०० च्या खाली पाहू नका, नाहीतर प्रकाश परावर्तित करून चालणारे मेमरी एलसीडी घ्या. जेडीआयचे १७६ × १७६ चे आठ रंगी पॅनेल उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते आणि वीज नावालाच घेते. २०१५ च्या पेबल टाइम घड्याळाचा पडदा याच कुळातला होता. ॲमोलेडचा काळा रंग मोहात पाडतो, पण ज्या पडद्यावर एकच आकडा दिवसभर त्याच जागी असेल तिथे तो डाग धरतो.

टच हवा असेल तर तो पॅनेलबरोबरच चिकटवलेला घ्यावा. नंतर वेगळी काच चिकटवताना धूळ आणि हवेचे बुडबुडे यांच्यापुढे नाकी नऊ येतात. कपॅसिटिव्हमध्ये जीटी ९११ खूप दिसते. त्याचा आयटूसी पत्ता हेक्स ५डी की १४ हे रीसेटच्या क्षणी त्याची इंटरप्ट पिन खाली आहे की वर यावरून ठरते. ती पिन कंट्रोलरला न जोडता मोकळी सोडली तर टच आज सापडतो, उद्या सापडत नाही.

रिबन आणि कनेक्टर हा शेवटचा सापळा. ०.५ मि.मी. अंतराच्या रिबनला झाकण उघडून बसवायचा कनेक्टर लागतो आणि त्यात संपर्क वरून की खालून हे निवडायचे असते. पॅनेल बोर्डाच्या वर बसून रिबन मागे दुमडणार असेल तर तिची बाजू उलटते आणि एक नंबरची पिन समोरच्या टोकाला जाते. कागदाची पट्टी कापा, तिच्यावर पिनांचे आकडे लिहा, प्रत्यक्ष दुमडून बघा आणि मगच फूटप्रिंट ठेवा. दोन्ही बाजूंनी संपर्क देणारे कनेक्टर मिळतात. पिनांचा क्रम उलटला तर तेही वाचवत नाहीत. ०.८ मि.मी. च्या काही रिबनी थेट बोर्डाला सोल्डर करायच्या असतात. भरपूर फ्लक्स, पातळ टोक आणि टेपने घट्ट बसवलेली रिबन असेल तर ते अवघड नाही. मात्र असे पॅनेल बदलणे म्हणजे बोर्ड पणाला लावणे.

मिळतात कुठे? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे तयार मोड्यूल आणि दुरुस्तीची पॅनेले मिळतात; डेटाशीटसह सुटे पॅनेल मिळणे नशिबाचा भाग. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर भारतात बंदी आली आणि चिनी बाजारातून एक-दोन नग मागवण्याची सरळ वाट बंद झाली. आता एलसीएससी, माउझर, डिजीकी यांच्याकडून मागवताना कुरियर आणि सीमाशुल्क पॅनेलपेक्षा जड होते. म्हणून दोन-चार जणांनी मिळून मागवावे, आणि एकच नग कधीही मागवू नये. काच फुटते, रिबन फाटते, आणि सहा महिन्यांनी तेच पॅनेल यादीत असेलच असे नाही.

पहिलेच उघडे पॅनेल घेणाऱ्याला माझे उत्तर ठरलेले आहे: ४.३ इंची, ४८० × २७२, चाळीस पिनी, आयपीएस, आणि त्याला आरजीबी चालवणारा एसटीएम ३२ किंवा ईएसपी ३२ एस ३. हातात मावणारे छोटे यंत्र असेल तर एसटी ७७८९ चे दोन ते २.८ इंची आयपीएस, आठ बिटी बस आणि टीई पिन बाहेर काढलेले. सात इंचांच्या पुढे युनिव्हर्सल बोर्ड. फोनचे पडदे ज्यांना कोडी सोडवण्यातच आनंद आहे त्यांच्यासाठी. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे पूर्ण डेटाशीट आणि इनिट कोड दोन्ही मागा. उत्तरादाखल लांबी-रुंदीचे नुसते रेखाचित्र आले, तर ते पॅनेल घेऊ नका.